गेम बनवताना या चुका टाळा: ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवलेली कामं

२०१० साली जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने ‘फायनल फँटसी १४’ बाजारात आणला. कंपनी मुरलेली, पैसा भरपूर, तरी गेम इतका जड निघाला की खेळणारे वैतागले. हा गेम पुढे सावरणाऱ्या नाओकी योशिदांनी त्याचं एक कारण सांगितलं. आतल्या एका साध्या फुलाच्या कुंडीत खेळाडूच्या पात्राइतके, म्हणजे हजाराच्या आसपास पॉलिगॉन (त्रिमितीय आकार ज्यांतून घडतो ते छोटे सपाट तुकडे) भरले होते. एकेक कुंडी देखणी होती, पण शेकडो कुंड्या आणि शेकडो माणसं एकाच वेळी पडद्यावर आली की मशीनचा दम निघायचा. शेवटी तो गेम बंद करून २०१३ मध्ये नव्याने उभा करावा लागला.

हॉस्टेलच्या खोलीत दोघातिघांनी चालवलेल्या प्रोजेक्टमध्ये मला हीच कुंडी पुन्हा पुन्हा दिसते. कल्पना चांगली असते, मेहनतही खरी असते. पण परफॉर्मन्स, मराठी अक्षरं, सेव्ह, टेस्टिंग ही सगळी कामं ‘नंतर बघू’ म्हणत ढकलली जातात आणि शेवटच्या महिन्यात एकदम अंगावर येतात.

गेम फक्त स्वतःच्या कॉम्प्युटरवर तपासणं

पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.६ मिलिसेकंद मिळतात. शत्रूंची हालचाल, फिजिक्स, सावल्या, आवाज, सगळं तेवढ्यात उरकायचं असतं. ३० फ्रेमवर समाधान मानलं तरी ३३ मिलिसेकंदच. तुमच्या ग्राफिक्स कार्डवर हे सहज जमतं, पण खेळणाऱ्याच्या हातात दहा हजारांचा फोन असतो. म्हणून असा एक जुना फोन पहिल्याच आठवड्यात टेबलावर ठेवा आणि दर आठवड्याला त्यावर बिल्ड, म्हणजे गेमची चालवता येणारी ताजी प्रत, टाका.

लक्षण पाहून कारण बरंच कळतं. गेम दर काही सेकंदांनी झटका देत असेल तर बहुधा गोळ्या, स्फोट, शत्रू सतत नव्याने तयार करून टाकून दिले जात आहेत आणि मेमरी साफ करताना गेम थबकतो आहे. त्याच वस्तू लपवून पुन्हा वापरा. पहिली दहा मिनिटं गेम छान चालतो आणि मग मंदावतो, तर फोन तापून स्वतःचा वेग कमी करतो आहे. फ्रेमची मर्यादा ठरवून द्या. एका फोनवर पात्र धावतं आणि दुसऱ्यावर रांगतं, याचा अर्थ हालचाल फ्रेमच्या संख्येला बांधलेली आहे. वेगाला मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणा. आणि प्रोफायलर, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं साधन, उघडल्याशिवाय काहीही बदलू नका. अंदाजाने केलेल्या दुरुस्तीत आठवडे जातात.

मोठ्यांनाही यातून सूट नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा भारी पीसीवर बरा चालत होता. जुन्या प्लेस्टेशन ४ वर मात्र त्याची दैना झाली. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि थेट जून २०२१ मध्ये पुन्हा विक्रीला ठेवला.

मराठी मजकूर शेवटी घालणं

याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे कुणी सांगत नाही आणि आपली मुलं इथेच हात टेकतात. देवनागरीत अक्षरं नुसती ओळीने मांडून भागत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी क नंतर टाइप होते, पण दिसायला हवी क च्या आधी. जोडाक्षरं, रफार यांनाही अशीच जुळणी लागते. युनिटी या इंजिनातलं (गेम ज्या सॉफ्टवेअरवर बांधतात ते इंजिन) अक्षरं दाखवणारं नेहमीचं साधन, टेक्स्ट मेश प्रो, ही जुळणी स्वतः करत नाही. मग ‘किल्ला’ मधली वेलांटी क सोडून ल ला जाऊन चिकटते आणि खाली हलन्त उघडा पडतो.

यावर दोन चुकीचे उपाय हमखास केले जातात. एक, सगळी वाक्यं चित्रं म्हणून चिकटवणं. मग एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं तरी चित्र पुन्हा काढा. दुसरा, डीटीपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर कोंबणं. पडद्यावर तो ठीक दिसतो, पण खेळाडूने स्वतःचं नाव मराठीत टाइप केलं की सगळं बिघडतं.

इंजिन निवडायच्या आधीच दहा शब्दांची चाचणी घ्या: किल्ला, शक्ती, श्री, ज्ञानेश्वर, दुसऱ्या, कुऱ्हाड, अशा शब्दांची. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य नीट आला नाही तर फाँट बदला. गोडो ४ आणि अनरिअल या इंजिनांत ही जुळणी करणारी यंत्रणा आहे. युनिटीच वापरायचं असेल तर त्यासाठी वेगळा प्लगिन (वरून जोडायचं पूरक सॉफ्टवेअर) लागेल का, हे पहिल्या आठवड्यात ठरवा. बटणंही ऐसपैस ठेवा. वरची मात्रा आणि खालचा उकार कापला गेला की शब्द वाचताच येत नाही.

पसारा वाढवणं, मध्येच इंजिन बदलणं

‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ हा गेम १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये आला. सुरुवातीलाच एका इंजिनवरून दुसऱ्यावर उडी मारली गेली आणि झालेलं बरंच काम पुन्हा करावं लागलं. उलट ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोनने एकट्याने सुमारे साडेचार वर्षं घासून पुरा केला. ही गोष्ट ऐकून लोक नोकरी सोडतात, पण साडेचार वर्षांचं घरभाडं मोजत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ या गेमसाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम काढली होती आणि ती फसली. गेम २०२० मध्ये आला, मधली वर्षं ओढाताणीची गेली. तुमची पहिली लेव्हल पूर्ण व्हायला किती दिवस लागले ते लिहून ठेवा आणि उरलेल्या लेव्हलींनी गुणा. आकडा पाहून घाबरलात तर आजच लेव्हली कापा.

बाकी, थोडक्यात

सेव्ह फाइलवर थेट लिहू नका. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, मग नाव बदला, म्हणजे मध्येच बॅटरी गेली तरी जुना सेव्ह शाबूत राहतो. त्यात आवृत्तीचा क्रमांकही घाला. मी तो घातला नव्हता. पहिल्या अपडेटनंतर माझ्या टेस्टर्सची सगळी प्रगती पुसली गेली आणि त्यातले निम्मे परत आले नाहीत.

टेस्टिंगला कुणाला बसवलंत तर तोंड बंद ठेवा. “तिथे नाही, डावीकडे जा” हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, की ती जागा वहीत लिहा. दुरुस्ती तिथेच करायची आहे.

रिलीजची तारीख जाहीर करण्याआधी दुकानांचे नियम वाचा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘लवकरच येत आहे’ हे पान निदान दोन आठवडे दिसावं लागतं. गूगल प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ टेस्टर्सकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. दिवाळीला गेम आणायचा तर ही माणसं गणपतीतच गोळा करा, आणि बारा नव्हे, वीस. काही जण मध्येच ॲप काढून टाकतात.