मुलं लगेच "मला नाही जमत" म्हणतात तेव्हा काय करायचं

सकाळी पावणेसातला खाली स्कूलबसचा हॉर्न वाजतोय, पोरगी बुटाची नाडी धरून बसलीय, अशा वेळी आपण वाकून पटकन गाठ मारून देतो आणि ते बरोबरच आहे, बस थोडीच थांबणारे. चिकाटी शिकवायची ती वेळच नाही. ते रविवारी संध्याकाळी करायचं, कुणालाच कुठे जायचं नसतं तेव्हा.

पण रविवारी मात्र "आण इकडे" म्हणायचं नाही. आधी विचारायचं, कुठे सुटतंय दाखव बघू. बहुतेक वेळा पहिली गाठ येत असते, एक कानही करता येतो, पण दुसरा दोरा त्याच्याभोवती फिरवून ओढताना सगळं हातातून निसटतं. मग आपण फक्त तो कान चिमटीत धरून ठेवायचा, बाकीचं तिने करायचं, आणि एकदा जमलं की पुढच्या वेळी तेवढंही धरायचं नाही. अडलं तर एका पायरीची मदत, जमलं की हात मागे, बस्स. 1976 मध्ये वुड, ब्रुनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला देऊन हेच बघितलं होतं, की शिकवणाऱ्याने कधी आणि किती हात द्यायचा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब बघून या. नवीन मुलाचे पाय अढीसाठी, म्हणजे खांबाला पायांनी पकड घालायला, वर जातच नाहीत, शिकवणारे कंबरेला नुसता आधार देतात, पकड त्याची त्यानेच धरायची. घसरला तर परत रांगेत मागे जाऊन उभा. कुणी "अरेरे, लागलं का बाळाला" करत नाही, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

आता कौतुक. आपल्याकडे आजी-आजोबांपासून सगळे "किती हुशार गं माझं बाळ" म्हणतात, प्रेमानेच म्हणतात, त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. पण आपण स्वतः बोलताना तिने काय केलं ते बोला, म्हणजे "हत्तीची सोंड दोनदा खोडून परत काढलीस ना, आता बरोबर आली" असं. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा 1998 चा प्रयोग आहे, त्यात हुशार म्हणून कौतुक झालेली मुलं अवघड कोडी आल्यावर लवकर कंटाळली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, मेहनतीचं कौतुक झालेली मात्र टिकली. मात्र दिवसभर "छान प्रयत्न, छान प्रयत्न" करत बसलात तर त्यालाही काही अर्थ राहत नाही, पोरांना ते लगेच कळतं.

कॅरममध्ये मुद्दाम हरू नका, निदान दर वेळी तरी नको. हरल्यावर रडली तर रडू दे, लगेच आइस्क्रीमचं आमिष नको, थोड्या वेळाने स्वतःच सोंगट्या लावायला येते.

क्लास सोडायचा म्हणाली तर? घरात एक नियम ठेवा, की ज्या दिवशी वाईट गेलं त्या दिवशी सोडायचं ठरवायचं नाही. भरलेल्या फीचा महिना पूर्ण करायचा, मग शांतपणे बोलायचं, आणि तेव्हाही नकोच असेल तर खरंच सोडू द्यायचं. तबला आवडत नसेल तर नाही आवडत.

आणि एक, खंबीर करायच्या नावाखाली पोराला एकटं पाडू नका. हवाई बेटांमधल्या कवाईवर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. त्यात घरची परिस्थिती बिकट असूनही साधारण एक तृतीयांश मुलं नीट उभी राहिली, आणि अशा मुलांना बहुतेक एक तरी हक्काचं मोठं माणूस होतं, आईबापच असं नाही. मुंबईत दोघं नोकरीला, वर ट्रेन लेट, त्यामुळे ते माणूस आजी असेल, मावशी असेल, पाळणाघरातल्या काकू असतील, त्यांना विश्वासात घ्या, नाडीचं काय चाललंय तेही सांगून ठेवा, नाहीतर त्या प्रेमाने बांधून देतीलच.

शाळेच्या दिवशी सकाळी रोज पोट दुखत असेल, झोप उडाली असेल, तर मात्र "चिकाटी नाही" म्हणून रागावत बसू नका. शाळेत कुणी त्रास देतंय का ते बघा, क्लास टीचरशी बोला, डॉक्टरांनाही दाखवा.