डोक्यात जाणारे शब्द: कुठले सोडायचे, कुठले राहू द्यायचे

माझ्या मोठ्या बहिणीने मध्ये चार वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाणंच सोडलं होतं. भांडण वगैरे काही नाही, फक्त एक वाक्य, ‘काय मग, गोड बातमी कधी?’ वाण हातात देता देता विचारायचे, विचारणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसायचं पण ताईचे तेव्हा उपचार चालू होते आणि घरी येऊन ती स्वयंपाकघरात दार लावून बसायची. तेव्हापासून मी बोलण्याकडे नीट लक्ष द्यायला लागले, स्वतःच्या आधी आणि मग दुसऱ्यांच्या. त्यातून जे जमलं ते लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

सगळ्यात आधी हे बघा की शब्द डोक्यात का जातोय. तो फक्त आपल्यापेक्षा वेगळा आहे म्हणून जातोय का? तसं असेल तर सोडून द्या, सरळ. नागपूरकडचा माणूस ‘मी जेवून राहिलो’ म्हणतो, कोल्हापूरची बाई ‘आलो गं’ म्हणते, कुणी ‘पानी’ म्हणतं, ही त्यांच्या घरातली मराठी आहे आणि त्यावर हसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पुण्यात हॉस्टेलला आलेली विदर्भातली मुलगी महिनाभरात गप्प होते ती याच हसण्यामुळे. तिथे तिने काही सुधारायचं नाहीये, सुधारायचं आपले कान.

हिंदीतून आलेल्या वाक्यांचं जरा वेगळं. ‘माझी मदत कर’, ‘तो मला बोलला की उद्या येतो’, ‘खूप सारी माणसं’, ‘जेवण बनवलं’. जाहिरातींच्या भाषांतरातून आणि सिरीयलमधून हे घरात शिरलं, माझ्याही कानाला खुपतं. पण समोरच्याला मध्येच तोडून ‘माझी नाही, मला मदत म्हणतात’ असं सांगू नका, तो काय सांगत होता तेच हरवून जातं. त्यापेक्षा उत्तरात बरोबर रूप वापरा. मुलगी म्हणाली ‘आई माझी मदत कर ना’ की ‘हो, कुठे मदत करू तुला?’ एवढंच, परत परत. आमच्याकडे वर्षभर लागलं पण एकदाही रडारड न होता बदललं.

आता सवयीचे टेकू. बेसिकली, ॲक्चुअली, म्हणजे, कसंय ना, आणि वाक्य संपलं की ‘कळलं का?’ थोडे टेकू सगळ्यांनाच लागतात, विचार करायला जागा मिळते त्याने, त्यामुळे सगळे काढायच्या मागे लागू नका. आपला सगळ्यात जास्त येणारा एकच निवडा. तो शोधायला मैत्रिणीला पाठवलेली तीन-चार मिनिटांची व्हॉइस नोट स्वतः परत ऐका, लगेच सापडतो. मग त्याच्या जागी दुसरा शब्द घालायचा नाही, नुसतं थांबायचं, एक श्वास. पहिले आठ-दहा दिवस ती शांतता खूप मोठी वाटते पण समोरच्याला ती जाणवतही नाही. घरातल्या एकाला सांगून ठेवा की तो शब्द आला की फक्त बोट वर कर, बोलू नकोस. एकाच वेळी तीन शब्द धरलेत तर बोलणंच अडखळायला लागतं, म्हणून खरंच एकच.

‘कळलं का?’ मात्र जपून वापरा, शिकवणाऱ्यांनी तर जास्तच. त्यात ओझं ऐकणाऱ्यावर जातं, नाही कळलं म्हणजे तू कमी. ‘मी नीट सांगितलं ना?’ म्हटलं की तेच काम होतं आणि मुलं लगेच प्रश्न विचारायला लागतात.

‘बघू’, ‘सांगतो’, ‘होऊन जाईल’ यांचा उपाय छोटा आहे, वार सांगा. ‘शुक्रवारी संध्याकाळी फोन करून सांगते.’ आणि नाहीच जमणार तर ‘या वेळी नाही जमणार मला’ हे वाक्य आरशासमोर म्हणून ठेवा, वेळेवर तोंडात येत नाही ते. ‘बघू’ ऐकणारा माणूस आठवडाभर वाट बघत असतो हे लक्षात ठेवा, टेलरकडे ब्लाउज टाकलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

आता ज्यांच्यासाठी मी हे लिहायला बसले ते, बोचणारे. गोड बातमी, लग्नाचं काय, जाड झालीस, किती वाळलीस, घरीच असतेस ना मग दिवसभर काय करतेस, एवढं काय त्यात, मनावर घेऊ नकोस, मी आधीच सांगितलं होतं. यातलं प्रत्येक वाक्य आपण काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो, समोरचा माणूस खूप दिवसांनी भेटलाय आणि विषय सुचत नाही हे खरं कारण. म्हणून नुसतं ‘हे बोलू नका’ सांगून उपयोग नाही, जागेवर दुसरं काहीतरी तयार लागतं. मी कुणाकडे जायच्या आधी त्या माणसाची एक गोष्ट आठवून ठेवते, त्यांची गच्चीवरची वांगी, भावाचं दुकान, नवीन क्लास, काहीही. दारात शिरताना तीच विचारायची. घरी असणाऱ्या बाईला ‘आज काय काय उरकलं?’ विचारून बघा, ती भरभरून बोलते.

कुणी गेलं असेल तिथे तर फारच सांभाळा. ‘सुटले बिचारे’ हे ज्याने आजारपण काढलंय त्याने म्हणावं, भेटायला आलेल्याने नाही. ‘देवाची इच्छा’ पण नको. बोलायलाच हवं असं नसतं तिथे, पिठलं-भाताचा डबा घेऊन जा, ‘संध्याकाळचा पण मी आणते’ म्हणा आणि शेजारी बसा.

काही शब्द मात्र जपून वापरण्यासारखेही नाहीत, ते पूर्णच टाकायचे. ‘चांभारचौकशा’ आपण किती सहज म्हणतो, एका अख्ख्या समाजाचं नाव त्यात शिवीसारखं वापरलंय, ‘नसत्या चौकशा’ म्हटलं की काम होतं. ‘बांगड्या भरल्यात का’, ‘बायकांसारखा रडतोस काय’, ‘बहिरा आहेस का’ हे पण त्यातच. कुणी म्हणेल इतक्या वर्षांच्या वापराने अर्थ झिजलाय, पण तो झिजला की नाही हे ज्याला लागतं त्यानेच ठरवायचं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, म्हणजे पत्त्यातून नाव काढता येतं. तोंडातून काढायला तर कुठला जीआरही लागत नाही.

आणि शब्द बदलणं आपल्याला नवीन नाहीये हो. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नारळ फोडला न म्हणता ‘वाढवला’, बांगडी फुटली तर ‘वाढवली’. समोरच्याच्या मनाला चटका नको म्हणून आजी-पणजीने हे शब्द फिरवले आणि ते इतके रुजले की आपल्याला आता वेगळे वाटतही नाहीत. मला वाटतं हीच आपल्याकडची जुनी पद्धत आहे, तीच पुढे न्यायची.

दुसऱ्याला कसं सांगायचं हा अवघड भाग. चारचौघांत कधीच नाही, फॅमिली ग्रुपवर तर नाहीच, फोन करा. आणि जे बोलायला नको ते सांगताना लगेच काय विचारलं तर आवडेल तेही सांगा. मी आमच्या शेजारच्या काकूंना असं म्हटलं होतं, ‘काकू, एक सांगू का, रागवू नका. ताईला ते गोड बातमीचं विचारू नका हो, तिला फार लागतं. तिला तिच्या शिवणाच्या क्लासचं विचारा, खूप छान चाललाय.’ काकू क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘अगं बाई, मला कुणी सांगितलंच नाही.’ पुढच्या संक्रांतीला ताई आली तेव्हा त्यांनीच तिला बाजूला बसवून क्लासचं विचारलं आणि स्वतःच्या दोन साड्यांचे फॉलही दिले. माणसं ऐकतात, बहुतेक वेळा सांगणाराच कुणी नसतो.

आणि प्रश्न आपल्यालाच आला तर? भांडू नका, खोटंही सांगू नका. ‘असलं काही की तुम्हाला कळवीनच मावशी, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, आता जिना चढता येतो का?’ इतकं पुरतं. तरी दुसऱ्यांदा विचारलंच तर मात्र शांतपणे ‘मला यावर बोलायचं नाहीये’ म्हणा आणि तिथेच थांबा, कारणं देऊ नका, कारणं दिली की त्यावरून पुढचे प्रश्न येतात.

शेवटी एक, ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठी. पत्रिकेचं प्रूफ आलं की नावांच्या आधीची अक्षरं वाचा. ‘गं. भा.’, म्हणजे गंगा भागीरथी, अजून छापतात, ज्या बाईचा नवरा गेलाय तिच्या नावाआधी, कार्डच्या मध्यभागी. २०२३ मध्ये विधवा शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ वापरायची कल्पना सरकारी पातळीवर पुढे आली तेव्हा महिलांनीच जोरात विरोध केला होता, कारण शब्द कितीही पवित्र आणा, चिठ्ठी कपाळावर तीच राहते. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, सगळं गाव ते करू शकलं. तुम्हाला तर प्रेसवाल्याला फोन करून एवढंच सांगायचंय की ‘गं. भा.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’ सगळं काढा आणि सगळ्या बायकांची नुसती पूर्ण नावं टाका. छपाईच्या आधी सांगितलं तर त्याचे वेगळे पैसे सहसा कुणी घेत नाही.