टरेट फिरवायच्या आधी : साध्या रायफलीने लांबचा नेम धरताना या चुका टाळा

इंदूरला मे महिन्यात सकाळी सहाला बसलेला नेम साडेनऊला सरकला, की हात आधी दुर्बिणीच्या टरेटवर, म्हणजे नेम सरकवायच्या गोल बटणावर जातो. दोन क्लिक वर, तीन डावीकडे, मग एक खाली. लायसन्सवर काडतुसं मोजूनच मिळतात, त्यातली पंधरा-वीस अशीच जातात. दोष मात्र बहुतेकदा टरेटच्या खाली असतो : स्क्रूत, दस्त्यात, नाहीतर गाल टेकण्यात. म्हणून तपासणी खालून वर करायची.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा हे सगळं मान्यताप्राप्त रेंजवरच्या कागदी लक्ष्यासाठी. स्क्रूला हात लावायच्या आधी काडतुसं बाजूला, बोल्ट बाहेर, नळी रिकामी.

ढिला बेस, आवळलेल्या रिंगा

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. बेस म्हणजे रायफलीवर बसणारी पट्टी, रिंगा म्हणजे तिच्यावर दुर्बीण धरणारी कडी. बेसचे स्क्रू तेलकट भोकात बसवले की काही राउंडांत ढिले पडतात. रिंगा काढल्याशिवाय ते दिसतही नाहीत, म्हणून कुणाला संशय येत नाही. स्क्रू आणि भोकं स्पिरिटने पुसून कोरडी करा, बेसच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब द्या. बेसला १५ ते २० इंच-पाउंड टॉर्क (पिळण्याचा जोर), रिंगांच्या टोप्यांना १५ ते १८ पुरतात. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर एल-कीचा लांब भाग भोकात घाला आणि आखूड भाग दोन बोटांनी फिरवा. मनगटाचा जोर लावू नका. टोप्या तिरप्या क्रमाने, थोड्या-थोड्या आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. एक बाजू आधी गच्च केली तर दुर्बीण फिरते आणि आतली फुली (नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेघा) तिरकी होते. जास्त आवळलं तर दुर्बिणीची नळी दबते आणि आतली हालचाल अडकते. मग क्लिक वाजतो, गोळी मात्र हलत नाही.

तिरक्या फुलीने १०० मीटरवर फारसं बिघडत नाही, ३०० वर बिघडतं. ३०-०६ या मोठ्या काडतुसाची १८० ग्रेन वजनाची गोळी घेतली, तर ३०० मीटरला नेम लावलेली रायफल ५ अंश कलली की गोळी साधारण ७ सेंटिमीटर बाजूला जाते. भिंतीवर ओळंबा लटकवून, रायफल सपाट धरून, फुलीची उभी रेघ त्याच्याशी जुळवा.

क्लिकचा हिशोब

टरेटवर एका क्लिकला पाव मिनिट लिहिलेलं असतं; मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर त्याचा अर्थ ७.३ मिलिमीटर, ५० वर निम्मा. म्हणजे ५० मीटरवर गोळी ३६ मिलिमीटर खाली लागली तर १० क्लिक हवेत. बरेच जण पाचच देतात आणि दुर्बिणीला नावं ठेवतात. दुसरी सवय एका गोळीवर टरेट फिरवण्याची. पाच गोळ्यांचा गट मारा, त्याचा मध्य काढा, मगच हात लावा.

दुर्बीण खरंच खोटी बोलते का, हे चौकोनाने कळतं. एकाच ठिकाणी नेम धरून एक गट मारा. २० क्लिक वर, गट, २० उजवीकडे, गट, २० खाली, गट, २० डावीकडे. शेवटचा गट पहिल्यावर बसला नाही, तरच दोष दुर्बिणीचा. स्वस्त दुर्बिणीत स्प्रिंग अडकते. अशा वेळी चार क्लिक पुढे जाऊन परत या.

साध्या ३-९ (तीन ते नऊ पट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीत फुलीखालच्या खुणा एकाच पॉवरला, बहुधा ९ ला, खऱ्या असतात. ४ वर ठेवून त्याच खुणांनी नेम धरला तर गोळी चुकणारच. पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं, तोही ठरावीक अंतराला जुळवलेला असतो : मोठ्या रायफलीच्या दुर्बिणीत साधारण १०० यार्डांना, .२२ या छोट्या काडतुसाच्या बहुतेक दुर्बिणींत ५०-६० ला. रायफल टेकवून ठेवा, तिला न हलवता डोकं हलवा. फुली लक्ष्यावर सरकली तर डोळा दर वेळी काचेच्या मधोमध आणणं हाच उपाय.

रायफल आणि वारा

पिशवीवर दस्त्याचा पुढचा भाग टेकवा, नळी कधीच नाही. हलकी नळी तीन-पाच गोळ्यांत तापते आणि गट चढू लागतो. नळीवर हात ठेववत नसेल तर थांबा. आपल्याकडच्या उन्हात ती निवायला बराच वेळ लागतो. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगून नळीला टेकतो, कागदाची पट्टी सरकवून पाहा. काही रायफलींत टोकाशी दाब मुद्दाम दिलेला असतो, म्हणून लगेच कानस काढू नका. तेल पुसलेल्या नळीची पहिली गोळी गटात धरू नका.

१०० मीटरला शून्य केलेल्या, म्हणजे त्या अंतराला नेम जुळवलेल्या ३०-०६ ची तीच १८० ग्रेनची गोळी ३०० मीटरला ४०-४५ सेंटिमीटर खाली जाते. हे साधारण २० क्लिक. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्याने ती २० सेंटिमीटर किंवा थोडी जास्त सरकते. .२२ ला ५० मीटरला शून्य केलं, तर १०० ला घट २० सेंटिमीटरच्या आसपास. इथे एक उलटं गणित आहे : .२२ चं हाय-व्हेलॉसिटी काडतूस वाऱ्यात स्टँडर्डपेक्षा जास्त ढळतं, कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा रोध खूप वाढतो आणि गोळी लवकर मंदावते. वाऱ्याच्या दिवशी स्टँडर्ड वापरा, पण डबी बदलली की शून्य पुन्हा तपासा.