मांडवीचा पूल पडला असा मेसेज आला तर आधी काय बघायचं

गेल्या पावसात घरच्या ग्रुपवर मामांनी एक फोटो टाकला, मधूनच वाहून गेलेला पूल, खाली लालभडक पाणी आणि वर लिहिलेलं की मांडवी पूल खचला, पणजीला कोणी जाऊ नका. दहा मिनिटांत फोंड्याहून आत्याचा फोन, पोर्वरीहून वहिनीचा फोन, भाऊ ऑफिसातून निघाला काय, पोचला कुठे. बाहेरच्यांना हसू येईल, पण मांडवीवरचा नेहरू पूल 5 जुलै 1986 ला खरंच कोसळलेला, मामांनी त्यानंतर फेरीबोटीच्या रांगेत दिवस काढलेत, त्यामुळे असलं काही आलं की आमच्याकडची मोठी माणसं विचार करत बसत नाहीत, पुढे ढकलतात.

तर मी काय करते ते सांगते. खरं की खोटं ह्या भानगडीत आधी पडायचंच नाही, फक्त दोन गोष्टी विचारायच्या, कधीचं आणि कुठचं. कारण ग्रुपवर येणारे बरेचसे फोटो बनावट नसतात हो, शिळे असतात.

फोटो सेव्ह करा, गुगल उघडा, सर्चच्या पट्टीत कॅमेऱ्याचं चित्र असतं त्यावर दाबून तो फोटो द्या. एक गोष्ट मात्र नक्की करा, फोटोवर कोणीतरी लाल अक्षरांत लिहिलेलं असतं ते आधी क्रॉप करून टाका, नाहीतर गुगल ती अक्षरंच शोधत बसतं आणि तोच मेसेज दुसऱ्या दहा जणांनी टाकलेला दाखवतं. मग जे येईल त्यात सगळ्यात जुनी तारीख बघा. मामांचा पूल निघाला महाडजवळचा, सावित्री नदीवरचा, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेलेला. व्हिडिओ असेल तर पॉज करून दोनतीन स्क्रीनशॉट काढा आणि तेच करा.

नेट स्लो असेल तर डोळे वापरा. गाड्यांचे नंबर जीए आहेत की एमएच की केए, बस गोव्याची कदंब आहे की महाराष्ट्राची एसटी, दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत. त्या फोटोत दगडी कमानी स्पष्ट दिसत होत्या. आता मांडवीवरच्या तीन मोठ्या पुलांपैकी कुठल्याला दगडी कमानी आहेत सांगा, अटल सेतू तर केबलवर आहे! कमानी आहेत त्या रायबंदरच्या जुन्या पोर्तुगीज बांधाला, तो 1630 च्या दशकातला, अजून उभा आहे.

मेसेजवर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय असं समजा, व्हॉट्सअ‍ॅप असला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं. पण बाण नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका, लोक स्क्रीनशॉट काढून नव्याने टाकतात, बाण गायब.

शाळेच्या सुट्टीचं परिपत्रक हा वेगळाच ताप. 2024 च्या जुलैत पावसामुळे खरंच सुट्टी दिलेली, आता तसलंच जुनं पत्र कोणी तारीख कापून फिरवलं तर शिक्का सही सगळं अस्सलच असणार ना. तिथे तारीख आहे का, असली तर वाराशी जुळते का बघायचं आणि सरळ शाळेत किंवा वर्गशिक्षिकेला विचारायचं. पेपरचं कात्रण आलं तर त्या दिवसाचा ई-पेपर उघडून ते पान शोधायचं, दोन मिनिटांचं काम. रेड अलर्ट असेल तर हवामान खात्याची साइट. केंद्र सरकारच्या योजना-बिजनांबद्दल काही असेल तर पीआयबी फॅक्ट चेक, म्हणजे केंद्राच्याच माहिती खात्याची खोट्या बातम्या तपासणारी शाखा, बघता येतं, पण पंचायतीचं किंवा पाण्याच्या पाइपलाइनचं तिथे काही मिळणार नाही.

आणि न्यूज पोर्टलवर आलंय म्हणजे खरं असंही धरू नका. हेडिंगच्या शेवटी प्रश्नचिन्ह, आत "सोशल मीडियावर व्हायरल" एवढाच आधार, रिपोर्टर जागेवर गेल्याचं नाव नाही, असली बातमी चार पोर्टलवर शब्द न शब्द तीच दिसली तर ती चार बातम्या नव्हेत, एकच आहे.

आता कठीण भाग, मामांना सांगायचं कसं. ग्रुपवर सगळ्यांसमोर "मामा हे फेक आहे" लिहिलंत तर चवथीला पाटावर बसेपर्यंत ते ऐकावं लागेल. मी आधी त्यांना फोन केला, म्हटलं मामा तुम्ही टाकलात तो पूल महाडचा निघाला, तुम्हीच टाका ना खाली. टाकलं त्यांनी, जरा कुरकुर करून.

चूक तुमच्याच हातून झाली तर डिलीट फॉर एव्हरीवन साधारण अडीच दिवसांपर्यंत चालतं, पण घाईने डिलीट करू नका. ज्यांनी आधीच पुढे पाठवलंय त्यांच्याकडून ते जात नाही आणि ग्रुपवर नुसती रिकामी ओळ उरते. त्याच मेसेजला रिप्लाय करून "हा फोटो महाडचा, 2016 चा" असं लिहा, आणि तुम्ही स्वतः आणखी कुठल्या ग्रुपवर टाकला होता तिथेही तेच.