इंदूर-रायपूरकडून नागपूरला येणाऱ्या डॉक्टरांनो, आधी नोंदणीचं बघा

मी इंदूरची. नवऱ्याला मिहानमध्ये नोकरी लागली म्हणून चौदा वर्षांपूर्वी नागपूरला आले. स्त्रीरोगाची पदवी, भोपाळच्या मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर आणि इंदूरला राजवाड्याजवळ बनवून घेतलेला रबरी शिक्का, एवढं भांडवल. आता तिकडून कुणी ना कुणी फोन करतं, "ताई, घर धंतोलीत घेऊ की मनीषनगरला?" घराचं होईल हो. जुन्या कौन्सिलची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेतली का ते आधी सांगा.

एनओसी आणि गुड स्टँडिंगचं (तुमच्यावर कारवाई नसल्याचं) पत्र जुन्या कौन्सिलकडून तिथे असतानाच मागून घ्या. एकदा सामान ट्रकमध्ये चढलं की त्या कागदासाठी भोपाळच्या खेपा सुरू होतात. मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे एमएमसीकडे अर्ज. तिचं ऑफिस मुंबईत चिंचपोकळीला. आमच्या वेळी विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर जायचं, स्लो लोकल पकडायची आणि एका झेरॉक्सवर सही राहिली म्हणून परत यायचं. आता अर्ज ऑनलाइन भरता येतो. एमबीबीएसची नोंद झाली म्हणजे झालं असं मात्र समजू नका. एमडी, एमएस, डीजीओ जे असेल त्याची वेगळी नोंद लागते. ती होईपर्यंत पाटीवर लिहू नका.

"राष्ट्रीय नोंदवहीत नाव आहे, देशात कुठेही चालतं," असं सांगणारे भेटतील. त्या वादात शिरू नका. मनपा, हॉस्पिटल, विमा कंपनी, सगळे एमएमसीचाच नंबर विचारतात. मीही त्या सांगणाऱ्यांचं ऐकलं होतं. एका हॉस्पिटलात नुकतीच लागले होते, एमएमसीचा अर्ज अडकलेला, आणि तिथले म्हणाले, "चालतं इथं, मॅडम." मी इंदूरचा शिक्का मारत राहिले. तीन महिन्यांनी काटोलकडचे एक संत्रावाले माझ्या केबिनमध्ये आले. बायकोचं ऑपरेशन मी केलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी विम्याचे परत आलेले कागद काढले, माझ्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा नंबर तं एमपीचा दिसून राह्यला." ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. युनिटच्या सरांनी नव्याने सर्टिफिकेट दिलं, तरी पैसे मिळायला त्यांना चार महिने लागले. "चालतं इथं" म्हणणारं तोवर कुणी जागेवर नव्हतं.

जाता जाता एक गंमत. 1956 पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. नंतर महाराष्ट्र झाला, 1965 चा कौन्सिलचा कायदा आला, तरी राष्ट्रीय नोंदवहीत डॉक्टर शोधताना राज्यांच्या यादीत 'विदर्भ मेडिकल कौन्सिल' अजून दिसतं. इथल्या फार जुन्या डॉक्टरांचे नंबर त्यातले. तुम्ही चुकून ते निवडू नका, एवढंच.

नंबर आला की तो दवाखान्यात दिसेल असा लावायचा, शिवाय प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट आणि पावती या सगळ्यांवर छापायचा. 2002 च्या आचारसंहितेतच ते आहे. दर 5 वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी 30 क्रेडिट. ती डॉक्टरांच्या शिक्षणसभांना, म्हणजे सीएमईंना, बसून मिळतात. नागपुरात सीएमईंना तोटा नाही, दर रविवारी कुठेतरी असतेच. पण सही करून सावजीकडे पळायचा बेत असेल तर एमएमसीचा निरीक्षक हॉलमध्ये बसलेला असतो हे ध्यानात ठेवा. चार वर्षं निवांत राहून पाचव्या वर्षी एकदम 30 गोळा करणारे माझे मित्र आहेत. त्यांचा डिसेंबर बघवत नाही.

सोनोग्राफी करणार असाल तर नीट वाचा. मशीन, जागा आणि करणारा डॉक्टर, तिन्हींची नोंद पीसीपीएनडीटीखाली, म्हणजे गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याखाली, लागते. एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नाव चालतं. मशीन किंवा डॉक्टर बदलायचा तर 30 दिवस आधी कळवावं लागतं. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद करायच्या 'एफ' फॉर्मचा एकही रकाना कोरा सोडू नका. "फक्त पत्ताच तर राहिला होता" ही सबब ऐकून घेत नाहीत. इथे छिंदवाडा, बालाघाट, बैतूलचे पेशंट खूप. त्यांचा पत्ता नातेवाईकाच्या नागपुरातल्या घराचा सांगितला जातो. मी ओळखपत्र बघूनच लिहिते.

स्वतःचं हॉस्पिटल काढायचं तर नर्सिंग होमची नोंदणी मनपाकडे. धंतोली-रामदासपेठेत जागा बघताना पार्किंगचं आधी विचारा, तिथले रहिवासी हॉस्पिटलांच्या गाड्यांना कावलेले आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही. रात्रीचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा असेल. त्याची कौन्सिल वेगळी, नर्सची वेगळी, फार्मासिस्टची वेगळी. प्रत्येकाच्या सर्टिफिकेटची मुदत स्वतःच्या डोळ्यांनी बघा. "सर, रिन्यूअलला टाकलंय" म्हणजे बहुधा टाकलेलं नसतं.

तक्रारीला घाबरून राहू नका, कागद मात्र जपा. आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि पेशंटने मागितले तर 72 तासांत द्यायचे. आपल्याकडे अशी सवय असते की कुणी कागद मागितले की आपण आधी वकिलाला फोन करतो. मी सरळ झेरॉक्स देते, नोंदवहीत सही घेते. निम्मी भांडणं तिथेच विरतात. उरलेली एमएमसीकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जातात. 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून आपली फी घेऊन केलेली सेवा ग्राहक कायद्यात बसते. एमएमसी नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई मात्र आयोगाकडून मिळते. नोटीस आली तर मुदतीत, स्वतः लिहून उत्तर द्या. कुणाच्या उत्तराची नक्कल करू नका, वाचणाऱ्याला ती ओळखू येते.

आणि शिक्का. सीताबर्डीत अर्ध्या तासात करून मिळतो, म्हणून लोक येताच करून घेतात. नंबर हातात आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, आणि जुना शिक्का इकडे आणूच नका.