नाक टोचून घेण्याआधी वाटणारी दुखण्याची भीती कशी आवरावी

नाक टोचून घ्यायचे ठरवले की घरातले बहुतेक जण एकच वाक्य ऐकवतात: "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखे वाटते." हे वाक्य कृपया कोणीही कोणाला सांगू नये. नाक टोचताना दुखते, मुंगी चावण्यापेक्षा नक्कीच जास्त दुखते. आणि जिला मुंगीचा भरवसा दिलेला असतो ती खरी कळ लागताच हबकते, काहीतरी चुकले असे समजते आणि अंग आखडून घेते. मी दोन्ही नाकपुड्या आणि एक भुवई टोचून घेतली आहे, शिवाय बहिणी, नणंद आणि भाच्यांचे हात धरून कितीतरी वेळा त्या खुर्चीशेजारी बसले आहे. त्या अनुभवावरून पुढील क्रम सांगत आहे.

पहिली पायरी जागा निवडण्याची. कान सोनारानेच टोचावेत ही म्हण आपल्याकडे आहे आणि हात बसलेला माणूस निवडावा हा तिचा अर्थ आजही खरा आहे. मात्र सुई त्याने तुमच्यासमोर बंद पाकिटातून काढावी आणि हातात नवे मोजे घालावेत, एवढा आग्रह धरावाच. बंदुकीसारख्या यंत्राने नाक मुळीच टोचून घेऊ नये. त्यात बोथट दांडी जोराने आत दाबली जाते, त्यामुळे आजूबाजूचा भाग चेचला जातो, आणि यंत्राचे प्लास्टिकचे भाग वाफेच्या उष्णतेत निर्जंतुक करता येत नाहीत. त्याचा खट्‌ असा आवाज कानाजवळ होतो, तो घाबरलेल्या माणसाला आणखी दचकवतो.

दुसरी पायरी जेवणाची: दीड-दोन तास आधी नीट जेवून, पाणी पिऊन जावे.

तिसरी पायरी म्हणजे नेमके काय होणार ते आधी समजून घेणे. नाकपुडी पुसली जाते, पेनाने ठिपका काढला जातो, आरशात पाहून तो तुम्ही पक्का करता, मग सुमारे एक मिलिमीटर जाडीची किंवा त्याहून थोडी बारीक सुई एक-दोन सेकंदांत आरपार जाते आणि तिच्यामागून चमकी बसवली जाते. चमकी बसताना दुसरी, बोथट कळ येते. ती येणार हे कोणी सांगत नाही, म्हणून तिचीच जास्त धास्ती बसते. टोचलेल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येते. ते रडणे नव्हे. नाक आणि डोळा यांना एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात, त्यामुळे नाकाला इजा झाली की डोळा आपोआप पाझरतो.

आता खरी अवघड पायरी: खुर्चीत बसल्यापासून सुई लागेपर्यंतची दहा मिनिटे. माझी पहिली खेप इथेच फसली. ठिपका काढून झाला होता, सुई अजून पाकिटात होती, सोबतच्या काकू "दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड" असे पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि मी ते मनापासून करत होते. आधी एकामागून एक जांभया आल्या, मग तळहातांना गार घाम सुटला, आवाज लांबून आल्यासारखे वाटू लागले आणि मी खुर्चीतून खाली घसरले. कळ लागायच्या आधीच भोवळ आली होती, त्यामुळे दोष दुखण्याचा नव्हता.

भीतीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्यांची छाती धडधडते आणि हात थरथरतात, त्यांनी चार मोजून श्वास घ्यावा आणि सहा-सात मोजून सोडावा. त्यांना तो सल्ला लागू पडतो. पण ज्यांना रक्त किंवा सुई पाहून अंधारी येते, त्यांचा रक्तदाब अचानक खाली येतो, आणि अशा वेळी अंग सैल सोडले तर तो सावरायला मदत होत नाही. त्यांनी अंग ताठ करावे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात याच त्रासासाठी एक पद्धत मांडली: हात, पाय आणि पोट यांचे स्नायू दहा ते पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, घट्ट आवळायचे, मग वीस ते तीस सेकंद नेहमीइतके सोडायचे, अगदी लुळे करायचे नाहीत, आणि असे पाच वेळा करायचे. आठवडाभर आधीपासून घरी सराव करावा; त्या दिवशी पहिल्यांदा करून पाहिल्यास घाईत श्वासच कोंडला जातो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

चेहऱ्याच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते: कपाळ, जबडा आणि नाक मोकळे राहिले पाहिजेत, कारण नाक आखडले तर ठिपका सरकतो. माझ्या धाकट्या भाचीने मांडीवर दोन्ही तळहात एकमेकांवर इतके दाबून धरले होते की नखे पांढरी पडली होती, पण तोंड किंचित उघडे आणि जीभ सैल होती; चौथ्या फेरीला तिच्या ओठांना रंग परत आलेला मी पाहिला. भोवळीचा त्रास असेल तर टोचणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावे आणि आडवे पडून टोचून घ्यावे. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

बर्फ लावू नये. कातडी ताठ होते. बधिर करणारे मलम वापरायचे असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

सुई लागताना श्वास बाहेर सोडत राहावे. "आता" असे सांगून टोचायचे की न सांगता, हे तुम्ही आधी ठरवून द्यावे. मी नेहमी सांगायला लावते, कारण अनपेक्षित कळीला मान मागे झटकते.

नंतर पंधरा मिनिटे बसून काहीतरी गोड प्यावे. जखम पूर्ण भरायला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. दिवसातून दोनदा सलाइनने पुसावे आणि चमकी फिरवत बसू नये. पहिले काही आठवडे चेहऱ्याला टर्किश टॉवेल लावू नये, कारण त्याचा धागा चमकीत अडकला तर टोचण्यापेक्षा जास्त दुखते. जुना, धुऊन मऊ झालेला सुती पंचा टिपण्यासाठी वेगळा ठेवावा.