बाळंतिणीच्या खोलीत छायाचित्र घेताना

नवजात बाळाचे आई-बाबांसह छायाचित्र घेण्यासाठी जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत सोयीचे असतात, कारण या काळात बाळ बहुतेक वेळ झोपलेले असते आणि पोटात असल्यासारखे अंग मुडपून निजते. बारसे बाराव्या दिवशी करणार असतील, तर पाहुण्यांची वर्दळ सुरू होण्याआधीची एखादी सकाळ ठरवावी. तेल-मालीश, आंघोळ आणि दूध झाल्यावर बाळाला गाढ झोप लागते. म्हणूनच मी घड्याळाची वेळ मागत नाही. मालीशवाल्या बाई येऊन गेल्या का, एवढेच फोनवर विचारून घरातून निघतो.

फ्लॅशने बाळ दचकते आणि चेहरेही सपाट दिसतात, म्हणून खिडकीचा उजेड वापरावा. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम. मात्र पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे त्या दिवसांत थेट ऊन आत आल्यास आजोबांचे पांढरे सुती धोतर पडद्यासारखे लावावे. पेठांतल्या जुन्या वाड्यांत भिंती जाड आणि खिडक्या लहान असतात; तिथे आई-बाबांना खिडकीपासून दोन-तीन फुटांवरच बसवावे. नव्या इमारतींत उजेड भरपूर असतो, पण गॅलरीला लावलेल्या हिरव्या जाळीची किंवा रंगीत पडद्याची झाक बाळाच्या त्वचेवर पडते, म्हणून ते आधी बाजूला सारावे. ट्यूबलाइट बंदच ठेवावी, कारण दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की त्वचेचा रंग नंतर दुरुस्त करणे फार अवघड जाते. पंखा मंद असावा, आणि डिसेंबर-जानेवारीत बाळाचे कपडे काढायला सांगू नये. झबले, कुंची आणि आजीने शिवलेली गोधडी यांतच बाळ सुंदर दिसते. गालावरची तीटही मी पुसायला लावत नाही.

सर्वांत अधिक लक्ष आईकडे द्यावे. अनेक घरांत बाळाची शेकडो छायाचित्रे निघतात आणि त्यांत आई जवळजवळ नसते, कारण ‘माझा अवतार बघा’ म्हणून ती स्वतःच बाजूला होते. तिला घाई न करता समजवावे, हवे तर केस विंचरायला वेळ द्यावा, पण भरजरी साडीचा आग्रह धरू नये. सिझेरियन झालेले असल्यास टाके ओढले जाऊ नयेत म्हणून पाठीमागे लोड आणि कोपराखाली उशी द्यावी. बाबांना तिच्या अगदी लगत बसवावे, कारण तिघांमधले अंतर डोळ्यांना वाटते त्याहून छायाचित्रात जास्त दिसते. ‘इकडे बघा’ असे म्हणण्यापेक्षा दोघांना बाळाकडे पाहू द्यावे. अनेक बाबा पहिल्यांदा बाळ घेताना खांदे ताठ करतात. मान आणि डोके एका तळव्यावर नीट पेलले आहे याची खात्री करून त्यांना बाळ छातीशी घ्यायला सांगावे, म्हणजे हात आपोआप सैलावतात. हनुवटी हातांवर टेकवलेल्या बाळाची जी चित्रे आपण पाहतो, ती बहुधा बाळाला धरून काढलेली दोन छायाचित्रे जोडून केलेली असतात. घरी तसा प्रयत्न कधीही करू नये.

तिघांचे चेहरे एकाच वेळी स्पष्ट हवे असतील तर कॅमेऱ्यात छिद्रमान (भिंगाचे छिद्र किती उघडे ते) एफ ४ च्या आसपास, शटरचा वेग किमान १/१२५ सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) गरजेप्रमाणे ८०० ते १६०० ठेवावा. मोबाइल असल्यास पोर्ट्रेट मोड टाळावा, कारण त्यात इवलीशी बोटे आणि जावळ पुसट होतात. शिवाय फार जवळ जाऊ नये, नाहीतर नाके मोठी दिसतात. बाळाच्या कातडीवर पिवळसर झाक असेल तर ती रंग बदलून लपवण्यापेक्षा चित्र कृष्णधवल करणे मला अधिक योग्य वाटते.

बाळ रडू लागले की थांबावे आणि आईला दूध पाजू द्यावे. निघण्यापूर्वी कोणती छायाचित्रे नातेवाइकांच्या ग्रुपवर जातील आणि कोणती घरातच राहतील, हे आई-बाबा दोघांनाही विचारून घ्यावे.